नेपती: पानांवाचून जगणारे वाळवंटी झुडूप, त्याची लागवड आणि त्याच्यावर पोसणारे वन्यजीव

नेपती पहिल्यांदा पाहणाऱ्याला झुडपाची पाने नुकतीच झडून गेली असावीत असे वाटते, आणि काही दिवसांनी पालवी फुटेल या अपेक्षेने तो पुन्हा पाहायला गेला तरी त्याला तोच हिरव्या, वेड्यावाकड्या, काटेरी काड्यांचा गुंता दिसतो. पाने नसणे ही या झुडपाची तात्पुरती अवस्था नसून तीच त्याची जगण्याची रीत आहे. ही रीत एकदा समजली की ते भर उन्हाळ्यात का फुलते, त्याच्या फळांवर इतके पक्षी का येतात, बागेतल्या झाडाला देतो तसे पाणी त्याला का मानवत नाही आणि ते लावताना कोणत्या चुका टाळायच्या, या सगळ्या प्रश्नांची उत्तरे एकाच धाग्याने जोडलेली आहेत हे लक्षात येते.

नेपतीचे शास्त्रीय नाव कॅपॅरिस डेसिडुआ असे आहे. संस्कृतात तिला करीर, हिंदीत करील आणि राजस्थानात केर म्हणतात. आफ्रिकेतील सहारा आणि साहेलच्या कोरड्या पट्ट्यापासून अरबस्तान आणि इराणमार्गे पाकिस्तान व भारतापर्यंत तिचा नैसर्गिक विस्तार आहे. आपल्याकडे थरचे वाळवंट आणि त्याला लागून असलेले कच्छ, हरियाणा व पंजाबचे कोरडे भाग ही तिची मुख्य भूमी होय. मात्र ती तेवढ्यापुरतीच नाही. दख्खनच्या पर्जन्यछायेतील माळरानांवर, म्हणजे पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग, अहिल्यानगर आणि सोलापूर या पट्ट्यातही ती मुरमाड जमिनीत, ओढ्यांच्या काठी आणि शेतांच्या बांधांवर आढळते. वर्षाला जेमतेम १०० ते २०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या जैसलमेरपासून ५००-६०० मिलिमीटरच्या आपल्या अवर्षणप्रवण तालुक्यांपर्यंत ती सारख्याच चिवटपणे तग धरते. एरवी ती चार-पाच मीटरपर्यंत वाढणारे झुडूप असते. क्वचित, तोड झाली नाही तर, जुन्या झुडपाचे छोटे झाडही होते.

पानांशिवाय अन्न

वनस्पतीचे बहुतेक पाणी पानांवाटे उडून जाते. पानांवरच्या सूक्ष्म रंध्रांतून हवेतील कार्बन डायऑक्साइड आत यावा लागतो, आणि रंध्रे उघडली की आतली वाफ बाहेर पडणारच. म्हणजे अन्न तयार करायचे असेल तर पाणी खर्च करणे भाग आहे. वाळवंटातील वनस्पतींनी या पेचावर निरनिराळे तोडगे काढलेले दिसतात. काही वनस्पती पाऊस पडल्यावर उगवतात, महिन्या-दोन महिन्यांत बी धरतात आणि मरून जातात, तर काही वनस्पती खोडात पाणी साठवतात. नेपतीने यांपैकी काहीच केलेले नाही. तिच्या कोवळ्या फुटव्यांवर लहान, अरुंद पाने येतात, पण ती थोड्याच काळात गळून पडतात आणि त्यानंतर अन्न तयार करण्याचे सगळे काम हिरव्या काड्या करतात. या काड्यांच्या सालीत हरितद्रव्य असते, त्यांच्यावर जाड मेणचट थर असतो आणि त्यांची रंध्रे पृष्ठभागापासून थोडी खोल बसलेली असतात, त्यामुळे कोरडा वारा थेट त्यांच्या तोंडावरून वाहत नाही. पानांचा पसारा नसल्याने उन्हात तापणारे क्षेत्रफळही कमी राहते.

या काटकसरीची किंमत अर्थातच मोजावी लागते. अन्न तयार करणारा पृष्ठभाग कमी असल्याने वाढ अतिशय सावकाश होते. बाभळीचे किंवा निंबाचे रोप दोन पावसाळ्यांत कमरेएवढे होते तेवढ्या काळात नेपतीचे रोप वीत-दोन वीतच वाढलेले असते. रोपवाटिका चालवणारे तिला टाळतात याचे हे एक मोठे कारण आहे, कारण वर्षअखेरीस किती रोपे लावली आणि ती किती उंच झाली यावरच जिथे काम मोजले जाते तिथे अशा झुडपाचा निभाव लागत नाही.

हिशेबाची दुसरी बाजू जमिनीखाली आहे. नेपतीचे सोटमूळ खूप खोल जाते आणि उथळ मुळे आडवी दूरवर पसरतात. या आडव्या मुळांवरून जागोजागी नवे फुटवे वर येतात, आणि एका बियाण्यापासून सुरुवात झालेले झुडूप काही दशकांनी एका छोट्या जाळीचे रूप घेते. वाऱ्याबरोबर सरकणारी वाळू या जाळीत अडकते, झुडपाभोवती लहानसा उंचवटा तयार होतो आणि जितकी वाळू चढेल तितके नवे फुटवे तिच्यातून वर येत राहतात. वाळूचे टेकाड थोपवून धरण्यासाठी नेपती उपयोगी ठरते ती याच गुणामुळे. खोल मुळांमुळे तिला आणखी एक मोकळीक मिळते. वरची जमीन मार्च-एप्रिलमध्ये पूर्ण कोरडी पडली तरी खालच्या थरातील ओल तिच्या आवाक्यात असते, त्यामुळे फुलण्यासाठी तिला पावसाची वाट पाहावी लागत नाही.

आणि ती वाट पाहतही नाही. फेब्रुवारीच्या अखेरीपासून एप्रिलपर्यंत नेपतीच्या काड्या विटकरी-तांबड्या, क्वचित पिवळ्या फुलांनी भरून जातात. एप्रिल-मेमध्ये हिरवी फळे धरतात आणि पुढे ती गुलाबी-लाल होऊन पिकतात. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास, बहुतेक ठिकाणी दुसरा, तुलनेने लहान बहर येतो. आजूबाजूचे गवत वाळलेले, वर्षायू वनस्पती बीजरूपाने मातीत दडलेल्या आणि पाणवठे आटत चाललेले अशा काळात हे झुडूप मकरंद आणि फळे देते. तिचे वन्यजीवांसाठीचे मोल मुख्यतः या वेळापत्रकात आहे, असे माझे मत आहे. तीच फळे जर ऑक्टोबरात, बाकी सगळे मुबलक असताना मिळत असती, तर तिची एवढी दखल घेण्याचे कारण उरले नसते.

कोण कोण येते

फुलापासून सुरुवात करू. नेपतीच्या फुलाच्या चार निदलांपैकी, म्हणजे कळी झाकणाऱ्या बाहेरच्या दलांपैकी, एक मोठे आणि खोलगट असते, त्याच्या बुडाशी मकरंद असतो आणि लांब पुंकेसर समोर बाहेर आलेले असतात. मकरंदासाठी आत डोके घालणाऱ्याच्या अंगाला परागकण लागतील अशी ही मांडणी आहे. लाल रंग आणि भरपूर मकरंद यांमुळे जांभळा शिंजीर या फुलांवर नेमाने येतो. मधमाश्यांमध्ये लहानखुरी फुलोरी मधमाशी विशेष उल्लेखनीय आहे, कारण ती आपले एकेरी पोळे झुडपांच्या फांद्यांवरच बांधते. काटेरी नेपतीत तिला घर आणि अन्न दोन्ही एकाच ठिकाणी मिळते. मोठे काळे भुंगेही फुलांवर दिसतात.

फुलपाखरांची गोष्ट मात्र जरा सविस्तर सांगण्यासारखी आहे, कारण तिच्यामागे एक सुंदर रसायनशास्त्र दडलेले आहे. नेपतीचे कुळ आणि मोहरी, कोबी, मुळा यांचे कुळ ही एकमेकांची जवळची नातलग कुळे आहेत. शेवगा आणि राजस्थानात जाळ म्हणून ओळखला जाणारा पिलू हेही याच मोठ्या गणात मोडतात. या सगळ्यांच्या पेशींत ग्लुकोसिनोलेट नावाची गंधकयुक्त संयुगे असतात. ती स्वतः फारशी अपायकारक नसतात, पण शेजारच्या वेगळ्या पेशींत एक विकर साठवलेले असते, आणि कोणी काडी किंवा फळ चावले की दोन्ही एकत्र येऊन झोंबणारे मोहरीचे तेल तयार होते. मोहरी वाटताना नाकात जाणारा तिखटपणा तो हाच. बहुतेक कीटकांसाठी हे विष असते. पांढऱ्या-पिवळ्या फुलपाखरांच्या पिएरिडी कुळाने मात्र या विषावर उतारा शोधून काढला आहे. त्यांच्या कित्येक जातींच्या सुरवंटांच्या आतड्यात असे एक प्रथिन असते जे या रासायनिक क्रियेची दिशाच बदलते, आणि मोहरीच्या तेलाऐवजी कमी घातक पदार्थ तयार होऊन विष्ठेवाटे बाहेर पडतात. एवढेच नव्हे, तर अंडी घालण्यासाठी योग्य झाड ओळखण्याची खूण म्हणून या कुळातील माद्या त्याच संयुगांचा उपयोग करतात. इतरांना दूर ठेवणारी गोष्ट त्यांच्यासाठी आमंत्रण ठरते.

म्हणूनच पायोनियर या नावाने ओळखले जाणारे, काळ्या शिरांचे पांढरे फुलपाखरू नेपतीच्या कोवळ्या फुटव्यांवर झुबक्याने अंडी घालते. सुरवंट एकत्र राहून कोवळी पाने आणि मऊ काड्या खातात आणि कधीकधी संपूर्ण नवा बहर फस्त करतात. मोहरीवर येणारा रंगीबेरंगी ढेकूण नेपतीवरही येतो तो याच रासायनिक नात्यामुळे. नेपती फळपीक म्हणून लावणाऱ्याच्या दृष्टीने ही कीड आहे. वन्यजीवांसाठी लावणाऱ्याने मात्र सुरवंट दिसताच फवारणी करण्याचा मोह टाळायला हवा, कारण सुरवंट हेच तर त्या लागवडीचे एक उत्पन्न आहे, आणि पिल्लांना भरवणारे सातभाई, वटवटे आणि खाटीक ते वेचून नेतात. जुने झुडूप अशा हल्ल्यातून सहसा सावरते.

पिकलेले फळ बोराहून लहान, गोल, पातळ सालीचे आणि गुलाबी गराचे असते. त्याचे मुख्य गिऱ्हाईक म्हणजे बुलबुल. थरमध्ये पांढऱ्या गालांचा बुलबुल नेपती आणि पिलूच्या फळांवर मोठ्या प्रमाणात अवलंबून असतो. दख्खनमध्ये लालबुड्या बुलबुल तेच काम करतो. पक्षी गर पचवतात आणि बी विष्ठेतून दुसऱ्या झुडपाखाली किंवा कुंपणाखाली टाकतात. माळढोक हा जमिनीवर चालत अन्न शोधणारा मोठा पक्षी कीटक, सरडे आणि धान्याबरोबर नेपतीची व बोरांची फळेही खातो. त्याची जगातील संख्या आता दीडशेच्या आत आली आहे आणि उरलेले बहुतेक पक्षी राजस्थानात आहेत. सोलापूरजवळच्या नान्नज परिसरात १९७९ साली अभयारण्य झाले, तरी महाराष्ट्रातून तो जवळजवळ नाहीसा झालेला आहे. नेपती लावल्याने माळढोक परत येईल असे म्हणणे भाबडेपणाचे होईल, कारण त्याच्या ऱ्हासाची कारणे शिकार, अधिवासाचा नाश आणि विजेच्या तारा ही आहेत. पण जिथे तो अजून आहे तिथे उन्हाळ्यातील अन्नाचा हा एक आधार आहे हे नाकारता येत नाही. हिवाळ्यात मध्य आशियातून थरमध्ये येणारा हुबारा हा माळढोकाचा नातलगही ही झुडपे असलेल्या भागात चरतो.

चिंकारा नेपतीचे कोवळे शेंडे खुडतो आणि दुपारी तिच्या आडोशाला बसतो. या आडोशाचे मोल फळांहून कमी मानू नये. मे महिन्याच्या दुपारी उघड्या वाळूचे तापमान ६० अंश सेल्सिअसच्या पुढे जाऊ शकते, आणि अशा वेळी झुडपाखालची विरळ सावलीदेखील लहान प्राण्यांसाठी जगण्या-मरण्यातील फरक ठरते. वाळवंटी जर्बिल या दिवसा वावरणाऱ्या उंदराची बिळे मुळांनी घट्ट धरलेल्या उंचवट्यांत असतात, त्यांच्या मागावर वाळवंटी खोकड, रानमांजर आणि शिकारी पक्षी येतात. तित्तिर धोक्याची चाहूल लागताच जाळीत शिरतो. सातभाई काट्यांच्या आत घरटे करतात. फुरसे बुंध्याशी वाळूत अंग दडवून पडलेले असते, तेव्हा फळे तोडणाऱ्यांनी किंवा आळी करणाऱ्यांनी आधी काठीने जमीन चाळवावी आणि मगच हात घालावा हे इथेच सांगून ठेवतो.

आणखी एक परिणाम हळूहळू, कित्येक वर्षांत दिसतो. झुडपाशी अडकलेली माती, पालापाचोळा आणि पक्ष्यांची विष्ठा यांमुळे तिथली जमीन आसपासच्या उघड्या जमिनीपेक्षा सुपीक होते. पक्ष्यांनी टाकलेली बोरीची, पिलूची आणि इतर झाडांची बीजे त्या सावलीत रुजतात, आणि काट्यांमुळे शेळ्यांचे तोंड तिथवर पोहोचत नसल्याने त्यांतली काही टिकतातही. दाईने बाळ सांभाळावे तशी एक झुडूप दुसऱ्याची जोपासना करते, आणि उजाड जमिनीवर वनस्पतींचे पुंजके तयार होऊ लागतात.

लागवड

जागा निवडताना एकच अट कडक आहे, ती म्हणजे पाणी साचता कामा नये. वाळू, मुरूम, चुनखडीयुक्त जमीन, थोडी क्षारपड जमीन, खडकाळ उतार हे सगळे नेपतीला चालते. काळ्या चिकट जमिनीत पावसाळ्याचे पाणी तुंबून राहते, तिथे मुळे कुजतात. ऊन पूर्ण हवे. दुसऱ्या झाडाच्या दाट सावलीत ती जगली तरी फुलत नाही.

रोपे बियांपासून करायची असतील तर पूर्ण पिकलेली लाल फळे मे-जूनमध्ये गोळा करावीत आणि गर लगेच धुऊन काढावा. गर तसाच राहिला तर बुरशी लागते आणि मुंग्याही येतात. फळे बादलीत पाण्यात कुस्करून, थोड्या जाड वाळूने चोळून धुतली की बी मोकळे होते. ते सावलीत सुकवून काही दिवसांतच पेरावे. या बियांची उगवणशक्ती फार काळ टिकत नाही, म्हणून पुढच्या वर्षासाठी डब्यात भरून ठेवलेल्या बियाण्यावर अवलंबून राहू नये. ताजे बी साधारणपणे दोन-तीन आठवड्यांत उगवते. पिशवी रुंद असण्यापेक्षा खोल असणे महत्त्वाचे आहे, कारण वर दोन बोटे दिसणारे रोप खाली कितीतरी लांब सोटमूळ सोडत असते. उथळ पिशवीच्या तळाशी ते मूळ गोल गुंडाळले गेले तर रोप पुढे खोल ओलीपर्यंत पोहोचू शकत नाही, आणि असे रोप पहिली दोन वर्षे ठीक दिसून तिसऱ्या उन्हाळ्यात मरते. मिश्रणात निम्म्याहून अधिक वाळू किंवा बारीक मुरूम, बाकी माती आणि अगदी थोडे कुजलेले शेणखत एवढे पुरेसे आहे. माती वरून कोरडी दिसू लागल्याशिवाय पाणी देऊ नये, कारण कोवळी रोपे दुष्काळाने मरतात त्याहून जास्त अति ओलीने मान कुजून मरतात.

दुसरी आणि अधिक भरवशाची वाट म्हणजे मुळांवरून आलेले फुटवे. जुन्या झुडपापासून काही अंतरावर आलेला, स्वतःची थोडी तंतुमुळे असलेला फुटवा पावसाळ्याच्या सुरुवातीला मुळाच्या तुकड्यासह काढून लगेच दुसरीकडे लावता येतो. तो बियांच्या रोपापेक्षा लवकर फुलावर येतो. मात्र एकाच झुडपाचे फुटवे लावत गेलो तर सगळी लागवड आनुवंशिकदृष्ट्या एकसारखी होते, म्हणून फुटवे निरनिराळ्या झुडपांपासून घ्यावेत आणि काही रोपे बियांची ठेवावीत. काड्यांची छाट कलमे सहजासहजी मुळे धरत नाहीत. संजीवकांचा वापर करून ती करता येतात, आणि जोधपूरच्या संशोधकांनी १९९० च्या दशकात ऊतिसंवर्धनाची, म्हणजे वनस्पतीच्या लहान तुकड्यापासून काचपात्रात रोपे वाढवण्याची, पद्धतही मांडली, पण हे प्रयोगशाळेचे काम आहे आणि सामान्य शेतकऱ्याने त्याच्या मागे लागण्याची गरज नाही. त्याच शहरात १९५२ मध्ये वाळवंट वनीकरण केंद्र म्हणून सुरू झालेली आणि १९५९ पासून केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था म्हणून ओळखली जाणारी संस्था या प्रदेशातील वनस्पतींवर दीर्घकाळ काम करत आहे.

रोपे शेतात पहिल्या चांगल्या पावसानंतर लावावीत. खड्डा दीड-दोन फूट खोल घेऊन, तळची माती भुसभुशीत करून, रोपाभोवती पाणी अडवणारे आळे करावे. उतारावर अर्धचंद्राकृती बांध अधिक उपयोगी पडतो. दोन झुडपांत चार-पाच मीटर अंतर ठेवले तर पुढे फुटव्यांना पसरायला जागा राहते. पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत महिन्यातून एकदा-दोनदा भरपूर पाणी द्यावे आणि मध्ये जमीन कोरडी होऊ द्यावी. ठिबकने रोज थोडे थोडे पाणी दिले की मुळे वरच्या ओल्या थरातच रेंगाळतात आणि पाणी बंद झाले की रोप उघडे पडते. तिसऱ्या वर्षापासून पाणी थांबवले तरी चालते, किंबहुना थांबवावेच.

पहिल्या काही वर्षांतील खरा शत्रू दुष्काळ नसून शेळी असते. जुन्या झुडपाचे काटे तिला थोपवतात, पण कोवळ्या रोपाची ती एका दुपारीत काडीही शिल्लक ठेवत नाही. तोडलेल्या काटेरी फांद्यांचे कुंपण प्रत्येक रोपाभोवती घालणे हा सगळ्यांत स्वस्त उपाय आहे. फळ धरायला बियांच्या झुडपाला चार-पाच वर्षे, कोरड्या जागी त्याहूनही अधिक काळ लागतो. पावसाळ्यापूर्वी मेलेल्या आणि एकमेकांवर घासणाऱ्या फांद्या काढण्यापलीकडे छाटणीची गरज नसते. पण छाटायचेच असेल तर घरटी नसल्याची खात्री करून घ्यावी.

जिथे विलायती बाभूळ माजलेली आहे तिथे आधी तिचे काय करायचे हे ठरवावे लागते. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भारतात आणलेले हे अमेरिकेतील झाड वेगाने वाढते, दाट जाळी करते आणि स्थानिक झुडपांना उठू देत नाही. नुसते कापून उपयोग नाही, बुडखा जमिनीत राहिला की ते पुन्हा फुटते. जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्याच्या पायथ्याशी राव जोधा डेझर्ट रॉक पार्कमध्ये २००६ पासून सुमारे ७० हेक्टर खडकाळ जमिनीवर हेच काम झाले. दगडखाणीत पिढ्यान्‌पिढ्या काम केलेल्या कारागिरांनी खडकात छिन्नी-हातोड्याने खड्डे करून विलायती बाभळीची मुळे काढली आणि मग त्याच खड्ड्यांत खडकाळ वाळवंटातील स्थानिक वनस्पती लावल्या गेल्या. खर्च आणि कष्ट दोन्ही मोठे, पण मुळे न काढता केलेली लागवड दोन-तीन वर्षांत पुन्हा बाभळीखाली जाते, तेव्हा हा खर्च टाळून चालत नाही.

याच्या उलट टोकाची चूकही होते. माळरान मोकळे दिसते म्हणून त्यावर ओळीने शेकडो झुडपे लावणे हे वन्यजीवांचे भले करणे नव्हे. धाविक, चंडोल, काळवीट आणि माळढोक यांना दूरवर दिसेल अशी उघडी, गवताळ जमीन लागते. तिथे नेपती बांधांवर, ओढ्याच्या काठी, जुन्या खाणींच्या उकरलेल्या जमिनीवर आणि पूर्वी होती पण तुटली अशा जागी लावावी. गवताच्या मध्यभागी खड्डे खणू नयेत.

तोडणीचा प्रश्न

नेपतीच्या कच्च्या फळांना राजस्थानात चांगली मागणी आहे. केर-सांगरीची (सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा) भाजी आणि पंचकुटा, म्हणजे पाच सुक्या जिनसांची भाजी, यांत ती लागतात, लोणचेही घालतात. ताजे कच्चे फळ कडू-तिखट असते, त्यामागे वर सांगितलेली तीच गंधकयुक्त संयुगे आहेत, म्हणून ते काही दिवस मिठाच्या पाण्यात किंवा ताकात मुरवून मगच सुकवतात किंवा शिजवतात. बाजारात जितके लहान आणि कोवळे फळ तितका भाव जास्त मिळतो. अडचण इथेच आहे. माणसाला फळ हवे असते ते हिरवे, बिया कडक होण्याआधीचे, आणि पक्ष्यांना हवे असते ते पिकलेले लाल. झुडूप वाटिकेएवढे दाट लावले, पण एप्रिलमध्ये सगळी हिरवी फळे ओरबाडून नेली, तर बुलबुलांना काही उरत नाही, बी पडत नाही आणि पुढची रोपे फक्त फुटव्यांतून येतात.

यावर तोडगा काढता येतो. उन्हाळ्याचा बहर मोठा असतो. त्यातली बाहेरच्या फांद्यांवरची, हाताशी येणारी फळे तोडून झुडपाच्या आतल्या आणि शेंड्याकडच्या काटेरी भागातील फळे पिकू द्यावीत. काट्यांमुळे तोडणाऱ्याला ती काढणे तसेही जिकिरीचे असते. पावसाळ्यानंतरच्या लहान बहरात इतर खाद्य उपलब्ध असते, तेव्हा घरच्या वापरासाठी त्यातून थोडे अधिक घेतले तरी पक्ष्यांचे फारसे अडत नाही. जिथे अनेक कुटुंबे एकाच गायरानावर तोडणी करतात, तिथे काही झुडपे दरवर्षी आळीपाळीने पूर्ण राखून ठेवणे अधिक सोपे जाते, कारण कोणते झुडूप राखलेले आहे हे सगळ्यांना एका नजरेत कळते आणि प्रत्येक फांदीवर पहारा ठेवावा लागत नाही. राजस्थानातील ओरणांमध्ये, म्हणजे देवाच्या नावाने राखलेल्या रानांमध्ये, हिरवी फांदी तोडायची नाही पण फळ घ्यायचे अशी रीत पाळली जाते, आणि तिथली नेपतीची जुनी झुडपे बुंध्याने मनगटाहून जाड झालेली आढळतात.